रानकोंबड्याचं पीस, येवल्याचं रेशीम

मिरगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की इगतपुरी तालुक्यातल्या ओढ्यांवर रात्री उजेड हलताना दिसतो. वलगणीचे मासे चढू लागलेले असतात. गाबोळीनं पोट फुगलेला मासा नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात, प्रवाहाच्या उलट अंग घासत वर येतो आणि वाटेत लोक जाळी, टोपल्या, पंचे लावून त्याची वाट बघत उभे असतात. लहानपणी मीही उभा राहिलो आहे. पाण्याविरुद्ध चढणारा मासा एकदा पाहिला की तो विसरता येत नाही, आणि बहुधा त्यामुळेच एका परक्या माशाची गोष्ट मला एवढी जवळची वाटली.

तो मासा म्हणजे अटलांटिक सॅमन. स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वेच्या नद्यांत तो जन्मतो, समुद्रात जाऊन पोसतो आणि विणीसाठी पुन्हा आपल्याच नदीत परततो. आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण त्या दोघांचं कूळही एक नाही. खऱ्या सॅमनची गंमत अशी की नदीत शिरल्यावर तो खाणं जवळजवळ सोडून देतो. अंगातल्या चरबीवर तो महिनोन् महिने काढतो. मग गळाला लावायचं काय? गांडुळाचा किंवा किड्याचा भास करून उपयोग नाही, कारण त्याला भूकच नाही. तरीही डोळ्यांसमोरून काही झगमगतं सरकत गेलं तर तो त्यावर तुटून पडतो. रागानं, सवयीनं की कुतूहलानं, हा वाद दीडशे वर्षं चालू आहे. या न सुटलेल्या कोड्यातून एक कला जन्माला आली. पिसं, रेशीम आणि जर गळावर गुंडाळून केलेली सॅमनची माशी. नाव माशी, पण ती कुठल्याच माशीसारखी दिसत नाही.

गेले चार पावसाळे मी या माश्या बांधायला शिकतो आहे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर धुकं खिडकीतून घरात येतं, कपडे वाळत नाहीत, आणि कसाऱ्याकडून घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज आधी येतो, गाडी मागून दिसते. अशा दिवसांत एका जागी बसून करायचं काम हवं असतं. माशीनं ते दिलं. मला सॅमन धरायचा नाही, तो इथे नाहीही. आज जगात जुन्या पद्धतीची माशी बांधणारे बहुतेक लोक ती पाण्यात टाकतच नाहीत, चौकटीत लावून ठेवतात. मी त्यांच्यातलाच एक.

जुन्या सॅमन-माश्या मळकट रंगांच्या, साध्या असत. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला आयर्लंडमधून भडक रंगांच्या माश्या पुढे आल्या. विल्यम ब्लॅकर हा आयरिश कारागीर लंडनला येऊन त्या विकू लागला आणि १८४२ मध्ये त्यानं त्यांवर पुस्तक काढलं. त्याच काळात ब्रिटिश जहाजं जगभरातून पक्ष्यांची कातडी आणत होती, बायकांच्या टोप्यांना पिसं लागत होती, आणि टोप्यांच्या बाजारातून उरलेलं रंगीत धन माशी बांधणाऱ्यांच्या टेबलावर येत होतं. जॉर्ज मॉर्टिमर केल्सन याचं १८९५ चं ‘द सॅमन फ्लाय’ हे या वैभवाचं शिखर. कुठल्या पाण्याला, कुठल्या उन्हाला कुठली माशी, याचं त्यानं शास्त्र असल्यासारखं वर्णन केलं. त्या शास्त्रावर माझा विश्वास नाही. माशाला टूकन आणि कोंबडा यांच्या पिसांतला फरक कळतो, हे त्यानं कुठेही सिद्ध केलेलं नाही. पण त्याच्या पाककृती अजून जशाच्या तशा बांधल्या जातात. शिकणाऱ्याला मात्र मी केल्सनऐवजी प्राइस-टॅनट याचं १९१४ चं पुस्तक सुचवीन. तो हाताला धरून शिकवतो.

सगळ्यांत प्रसिद्ध माशी जॉक स्कॉट. लॉर्ड जॉन स्कॉट यांच्या पदरी असलेल्या, त्याच नावाच्या सेवकानं ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बांधली. दोन-अडीच इंचांच्या या वस्तूत काय काय आहे ते वाचताना मला पहिल्यांदा भूगोलाचा तास आठवला. शेपटीला चीनच्या सोनेरी फेझंटच्या तुऱ्यातलं एक पीस. त्यावर ‘इंडियन क्रो’ नावाच्या पक्ष्याचं तांबडं पीस. नाव असं असलं तरी हा पक्षी भारतातला नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे. शहामृगाच्या काळ्या तंतूंचा एक वेढा. मग अंग, त्याचे दोन समान भाग, मागचा पिवळ्या रेशमाचा आणि पुढचा काळ्या रेशमाचा, दोन्हींवर चांदीच्या जरीचे तिरके आटे. दोन भागांच्या सांध्यावर टूकनची पिवळी पिसं. गळ्याशी गिनी फाऊलचं ठिपक्यांचं पीस. पंखात टर्की, मोर, रंगवलेला हंस, माळढोकाच्या कुळातले पक्षी, बदक. गालावर निळा कोटिंगा, मिशीसारखे दोन तंतू निळ्या मकावचे. आणि बाजूला, सगळ्यांत आधी नजर जाते तिथे, एक चकचकीत पिवळट-पांढरा डोळा.

तो डोळा आपल्या रानातला आहे.

इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘जंगल कॉक’ म्हणतात. म्हणजे राखी रानकोंबडा. फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर सोनेरा यानं अठराव्या शतकात भारतात फिरून त्याची नोंद केली, आणि त्याच्याच नावावरून या पक्ष्याचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं. कळसूबाईच्या बाजूच्या झाडीत पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते, गावठी कोंबड्याच्या आरवण्यापेक्षा आखूड आणि खरखरीत. नराच्या मानेवरच्या प्रत्येक पिसाच्या टोकाला मेणाचा थेंब गोठावा तसा ठिपका असतो. तिथे पिसाचे तंतू एकमेकांत मिसळून शिंगासारखी टणक, चकचकीत चकती होते. पाण्यात भिजून ती मऊ पडत नाही, म्हणून माशीवाल्यांना ती हवी. विणीचा हंगाम सरला की नर ही पिसं टाकतो आणि काही काळ त्याची मान साधी काळपट होते. म्हणजे हा डोळा त्या पक्ष्याकडेही वर्षभर नसतो.

या मानेच्या कातड्यांचा एके काळी मोठा व्यापार होता. हिंदुस्थानातून ती पेट्या भरभरून लंडनला जात. बगळ्यांची पिसंही तशीच जात. १९०२ मध्ये सरकारनं पक्ष्यांची कातडी आणि पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी केली, शहामृगाची पिसं तेवढी वगळून. ब्रिटननं आयातीवर कायदा केला तो १९२१ मध्ये. चोरटा व्यापार त्यानंतरही चालला. स्वतंत्र भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानकोंबडा मारणं, त्याची पिसं विकणं, विकत घेणं हा गुन्हा ठरवला. परदेशातले माशीवाले आज पिंजऱ्यात पैदास केलेल्या रानकोंबड्यांची पिसं वापरतात, तो त्यांच्या देशांतल्या कायद्याचा प्रश्न. आपल्याला ती वाट नाही, आणि नसावीच असं माझं ठाम मत आहे.

या छंदाची काळी बाजू सांगितल्याशिवाय आढावा पुरा होणार नाही. जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या निसर्गइतिहास संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरीला गेली. चोर होता लंडनला संगीत शिकणारा तरुण अमेरिकन बासरीवादक, आणि माशी बांधण्यातला अतिशय कुशल हात. चोरलेल्या पक्ष्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेले नमुनेही होते. त्यांची पिसं सुटी करून विकली गेली, चिठ्ठ्या तोडल्या गेल्या, आणि चिठ्ठी गेली की पक्षी कुठे, कधी मिळाला ते गेलं, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनं पक्षीच गेला. कर्क वॉलेस जॉन्सन यांचं २०१८ चं ‘द फेदर थीफ’ हे पुस्तक या प्रकरणावर आहे. ते मी दुसऱ्या पावसाळ्यात वाचलं आणि आठ दिवस टेबलाला हात लावला नाही. अस्सल पिसाशिवाय माशी खरी नाही, हा हट्ट माणसाला कुठवर नेतो ते त्यात आहे.

मग इथे बसून काय करायचं? पुष्कळ काही. या छंदाचा गाभा दुर्मीळ पिसात नाही, हातात आहे. जुने कारागीर शिकंजासुद्धा वापरत नसत, गळ डाव्या हाताच्या चिमटीत धरून बांधत. मी लहान शिकंजा वापरतो, सोनाराच्या कामाचा. जुन्या गळांना नेढं नसे. रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीपासून ओढलेल्या ताताचा फासा गळाच्या दांड्यावर बांधून नेढं करत. मी नेढ्याचे गळ घेतो. शिकणाऱ्यानं तिथे अडून राहू नये.

रेशमासाठी मी येवल्याला गेलो. नाशिक जिल्ह्यात राहून पैठणीच्या गावाला जायचं नाही तर कुठे? विणकर काकांनी मापाबाहेरचे तुकडे पुढे केले आणि विचारलं, “साडी कुणासाठी?” मी खिशातून माशी काढून दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटसुलट केली आणि म्हणाले, “जर घट्ट बसली नाही. ताण सारखा ठेवा.” चार पावसाळ्यांत मला मिळालेला हा सर्वांत उपयोगाचा सल्ला. त्यांच्याकडेच शब्दही मिळाले. इंग्रजी पुस्तकात चपट्या धातूच्या पट्टीला जे म्हणतात तो आपला बादला, आणि धाग्यावर गुंडाळलेली जर म्हणजे कसब. माशीच्या अंगावर दोन्ही लागतात. रेशीम मात्र पिळाचं चालत नाही. पीळ सोडवून धागा सपाट करायचा आणि एकाशेजारी एक आटा असा द्यायचा की अंग काचेसारखं गुळगुळीत दिसेल. बोटाला खरबरीत कातडी असेल तर रेशीम अडकतं आणि विसकटतं. बसण्याआधी मी हातांना खोबरेल चोळतो, मग ते साबणानं धुऊन कोरडे करतो. तेलाचा अंशही राहिला तर पिवळ्या रेशमावर डाग पडतो.

पिसांचं म्हणाल तर गिनी फाऊल कोंबडीपालनवाल्यांकडे मिळते, आणि तिचं ठिपक्यांचं पीस मूळ कृतीतलंच आहे, बदली नव्हे. टर्कीही पाळीव. हंसाऐवजी पाळीव बदकाची पांढरी पिसं लाल, पिवळी, निळी रंगवायची. पीस म्हणजे प्रथिन, तेव्हा सुती कापडाचा रंग त्यावर टिकत नाही. रेशीम-लोकरीचा रंग, गरम पाणी आणि थोडं व्हिनेगर लागतं. हळदीचा पिवळा सुंदर येतो, पण उजेडात दोन महिन्यांत विटतो, हे मी करून पाहिलं आहे. मोराचं गळून पडलेलं पीस देशात बाळगायला कायद्यानं सूट आहे, परदेशी पाठवायला नाही. टूकन, कोटिंगा, मकाव, इंडियन क्रो यांच्या जागी कोंबडीची रंगवलेली पिसं. रानकोंबड्याच्या डोळ्यासाठी काळ्या गावठी कोंबडीचं छोटं पीस घेऊन टोकावर पिवळट-पांढऱ्या इनॅमलचा थेंब टाकतो, तो वाळला की त्याच्यावर पारदर्शक लाखेचा हात. चार हात मागे उभं राहून पाहिलं तर फरक कळत नाही. जवळून कळतो, आणि मला त्याचं दुःख नाही.

पंख हा सर्वांत कठीण भाग आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. वेगवेगळ्या पिसांतले दोन-तीन तंतूंचे पट्टे काढून ते एकमेकांना जोडायचे, गोंद न लावता. पिसाच्या प्रत्येक तंतूला बारीक आकडे असतात. पक्षी चोचीनं पीस साफ करतो तेव्हा सुटलेले आकडे तो पुन्हा अडकवत असतो. आपण बोटांनी तेच करायचं. लाल पट्ट्याची कड निळ्याला टेकवून हलक्या हातानं पुढे ओढलं की दोन पक्षी एक होतात, आणि मधली रेघ दिसेनाशी होते. इंग्रजीत याला लग्न लावणं म्हणतात. अट एकच, उजव्या पंखाचं पीस उजव्याशी आणि डाव्याचं डाव्याशी, नाहीतर वळण उलटं पडतं आणि जोड सुटतो. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एक अख्खा श्रावण मी चुकीची लग्नं लावत बसलो होतो.

शेजारचे ठाकर मामा मासे धरण्यात मुरलेले. त्यांनी तयार जॉक स्कॉट तळहातावर घेतली. “हिला कोण खाणार?” मी सॅमनचं सांगितलं, तो चढतो, खात नाही, तरी झडप घालतो. ते म्हणाले, “मग आपल्या खडशीला का नाही बांधत?”

त्या प्रश्नावर मी अजून थांबलेलो आहे. खडशी म्हणजे दख्खनी महाशीर. कर्नल विल्यम साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं १८३९ मध्ये वर्णन केलं आणि इथल्याच बोलीतलं नाव शास्त्रीय नावात घातलं, म्हणून तो जगभर ‘टोर खुद्री’. हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये मंगळूरला छापलं गेलं. त्यात महाशीर त्याच वजनाच्या सॅमनपेक्षा जोरकस ठरवला आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात या माशाची कृत्रिम पैदास यशस्वी केली आणि तिथली पिल्लं देशभरच्या पाण्यांत गेली. कावेरीत सोडलेल्या या माशानं तिथल्या मूळच्या, आता अतिसंकटग्रस्त ठरलेल्या महाशीरची जागा आक्रसली, हेही त्याच गोष्टीचं दुसरं टोक. माशांना अभय असलेल्या जागाही आहेत. आपल्या तालुक्यातून वाहणारी वैतरणा खाली वाड्याजवळ तिळसे इथे पोहोचते. तिथे महादेवाच्या डोहातले मासे कुणी मारत नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीतही तसंच.

म्हणून या पावसाळ्यात मी खडशीसाठी माशी बांधतो आहे, चौकटीसाठीच. अंग येवल्याच्या हिरव्या रेशमाचं, कसबाचे पाच आटे, गळ्याला गिनी फाऊल, पंखाला रंगवलेलं बदक आणि गालावर इनॅमलचा थेंब. मामांना ती पसंत पडली आहे, पंख थोडा आखूड हवा म्हणतात.

वाचकांपैकी कुणाला हात घालायचा असेल तर गावठी कोंबडीची पिसं, एक रीळ रेशीम आणि एक गळ यावर सुरुवात करा. आणि एक विनंती. घाटात कुणी रानकोंबड्याची मान किंवा कातडी विकायला आणली, कितीही स्वस्त आणि कितीही सुंदर असली, तरी घेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.