एकच खिडकी

संगणकाचे नाव काढताच आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना घाम फुटतो. पण सुट्टीत एका कार्यालयात मदतनीस असताना मला जे उमगले, ते सांगण्याजोगे आहे.

तेथे विंडोजच्या एकाच संगणकावर दोन सर्व्हर होते. अपाची ८० क्रमांकाच्या पोर्टवर बसून तयार पाने व चित्रे देई. जावात लिहिलेला अर्जांचा कारभार टॉमकॅट ८०८० वर पाही. लोकांनी दोन पत्ते का लक्षात ठेवावेत? म्हणून अपाचीला ‘मॉड-जेके’ हे मॉड्यूल जोडतात. कोणती मागणी आत धाडायची ते ‘जेकेमाउंट’च्या ओळीत, आणि टॉमकॅट कोठे भेटेल ते ‘वर्कर्स डॉट प्रॉपर्टीज’ या फायलीत लिहितात. मग दोघे ८००९ या पोर्टवर ‘एजेपी’ भाषेत बोलतात.

मी सारे लिहिले, दोन्ही सर्व्हर पुन्हा सुरू केले आणि पडद्यावर उमटले, ४०३. म्हणजे परवानगी नाही! याच दारातून परक्याला आतल्या फायली वाचता येतात, हा ‘घोस्टकॅट’ नावाचा दोष २०२० मध्ये उघडकीस आला. तेव्हापासून टॉमकॅट ते दार मुळात बंद ठेवतो आणि उघडायचे तर परवलीचा शब्द मागतो. तो मी टॉमकॅटकडे लिहिला होता, अपाचीकडे विसरलो होतो. लिहिताच अर्जाचे पान उघडले.

एका दाखल्यासाठी दिवसभर या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरणारे माझे वडील मला आठवले. येणाऱ्याला एकच खिडकी दिसावी, धावपळ आतल्यांनी करावी. हे जोडकाम म्हणजे तरी दुसरे काय?