पोर्चचे काँक्रीट

स्वतःचे घर बांधावयास निघालेला गृहस्थ पाया आणि भिंती यांविषयी जितका दक्ष असतो, तितका तो पोर्चविषयी सहसा राहत नाही. कारण तोपर्यंत गाठीचा पैका सरत आलेला असतो, मक्तेदाराची माणसे पुढच्या कामाकडे डोळे लावून बसलेली असतात, आणि वास्तुशांतीची तारीख ठरून गेल्यामुळे घरातल्या मंडळींचा तगादा चालू झालेला असतो. वास्तविक ऊन, पाऊस आणि मोटारीचे ओझे ही तिन्ही एकदम सोसणारी घरातली जागा हीच.

प्रथम तळाचा विचार करू. देशावरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचे ओझे खांबांवाटे खोल कठीण थरापर्यंत पोचलेले असल्याने घर स्थिर राहते. पोर्चची फरशी मात्र नुसत्या भरावावर विसंबलेली, म्हणून ती खचली की जोत्याला लागून लांबच लांब चीर पडते, आणि घर खचले या भयाने मालकाची झोप उडते. यावर तजवीज एवढीच की, काळी माती शक्य तितकी उकरून काढावी, तिच्या जागी मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी घालून प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने चोपावा, त्यावर दगडांचे सोलिंग करावे, आणि फरशीचे काँक्रीट जोत्याला चिकटू न देता मध्ये डांबरी पुठ्ठ्याचा सांधा ठेवावा. शिवाय दर चार फुटांस एक इंच असा बाहेरच्या अंगास उतार हवा. नाहीतर पावसाचे पाणी उंबरठ्याशी येऊन थांबते.

काँक्रीटचे खरे वैर पाण्याशी आहे, असे म्हटल्यास गवंडी हसेल; परंतु डफ एब्रॅम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ मध्येच असे दाखवून दिले की, सिमेंटच्या मानाने पाणी जितके अधिक, तितकी काँक्रीटची ताकद कमी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक संयोग होऊन ते दगडासारखे बनते, आणि त्या संयोगास लागते त्याहून अधिक घातलेले पाणी पुढे उडून जाऊन मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. ‘एम २०’ प्रतीच्या मापी मिश्रणात ५० किलोच्या एका गोणीस सुमारे ३० लिटर पाणी भारतीय मानकाने सांगितले आहे, आणि ओल्या वाळूतले पाणीही त्याच हिशेबात धरावयाचे असते. पण बिगाऱ्याला घमेल्यातला माल फावड्याने सरकवणे सोपे जावे म्हणून मिक्सरमध्ये आणखी एक बादली बिनदिक्कत रिकामी केली जाते. त्या बादलीवर लक्ष ठेवणे, हे मालकाचे मोठेच काम आहे असे मला वाटते. बाकी वेळ त्याने गवंड्याला उपदेश न केलेलाच बरा.

पोर्चचे छप्पर खांबांवाचून पुढे काढलेले असेल, तर सावधगिरी दुणी करावी. चारी बाजूंनी टेकलेल्या स्लॅबला ताण खालच्या अंगास बसतो, म्हणून तिची मुख्य सळई तळाशी. पुढे झुकत्या छपरात नेमके उलट घडते. हात समोर लांबवून भरलेली बादली धरली असता खांद्याच्या वरच्या अंगावर जो ताण जाणवतो, तोच या छपराला बसतो, म्हणून मुख्य सळई वरच्या अंगास हवी आणि ती मागे घराच्या स्लॅबमध्ये वा तुळईत पुरेशी शिरलेली हवी. आकृतीत ती तशीच दाखवलेली असते, सळई बांधणाराही ती तशीच बांधतो. मग ओतकामाच्या दिवशी घमेली घेतलेली माणसे त्याच जाळीवरून ये-जा करतात, ती दबून तळाला जाते, आणि वरून काँक्रीट पडल्यावर हा कसूर कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. सळईखाली लोखंडी ‘खुर्च्या’ आणि माणसांसाठी वेगळ्या फळ्या, एवढा बंदोबस्त असल्याखेरीज मिक्सर सुरू करू देऊ नये.

ओतकाम झाल्यावर मात्र पाण्याची चंगळ करावी. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे पाडावेत व त्यांत पाणी तुंबवावे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या व उष्ण हवेत १० दिवस हे पाणी हवे, आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी. झुकत्या छपराचे टेकू केव्हा काढावेत याचा निर्णय इंजिनिअरवरच सोपवावा, कारण मागचे पुरेसे वजन चढल्याखेरीज ते काढणे धोक्याचे. आणि काढताना ते भिंतीकडून नव्हे, तर मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे एकेक करून काढावेत.