आजोबांची रायफल आणि ‘सुधारित’ काडतुसाचा मोह

यमुनेपलीकडच्या मयूर विहारमध्ये फ्लॅट घेऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या लोखंडी कपाटात आजोबांची शिकारी रायफल निघाली, तर त्यात फारसे आश्चर्य नाही. विदर्भात किंवा खानदेशात वाडा होता, जमीनजुमला होता, तेव्हा ती बंदूक घराची शान होती. वाडा गेला, जमिनीच्या वाटण्या झाल्या, मुले नोकरीनिमित्त दिल्लीला आली आणि परवान्यासकट रायफलही आली. आता ती वर्षातून दोनदा तेल लावून पुसली जाते, निवडणूक आली की आदेशानुसार जमा केली जाते आणि एरवी कपाटात पडून असते.

अशा वेळी घरातल्या एखाद्या हौशी तरुणाच्या डोक्यात कल्पना येते. परदेशात म्हणे जुन्या रायफलीचे चेंबर थोडे मोठे करून घेतात आणि त्याच बंदुकीतून अधिक वेगवान गोळी सुटते. मग आपल्या रायफलीला ते का करू नये? खर्च थोडा, फायदा मोठा! पण हा फायदा खरोखर मोठा आहे का?

‘रानमांजर’ म्हणजे काय?

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथे बसते त्या जागेला चेंबर म्हणतात. बंदूक ज्या काडतुसासाठी बनलेली असते, त्याच्या मापाचेच चेंबर कोरलेले असते. कुठलाही कारखाना बनवत नाही, हौशी लोकांनीच स्वतःच्या कल्पनेने घडवलेले काडतूस अमेरिकेत ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर, या नावाने ओळखले जाते.

याचाच एक प्रकार म्हणजे ‘सुधारित’ काडतूस. पी. ओ. ॲक्ली या अमेरिकन कारागिराने तो लोकप्रिय केला. साध्या काडतुसाची पितळी पुंगळी पुढे निमुळती होत जाते. ॲक्लीने ती जवळजवळ सरळ केली आणि तिचा खांदा ४० अंशांचा, अधिक उभा ठेवला. त्यामुळे पुंगळीत थोडी जास्त दारू मावते. योग्य रीतीने कोरलेल्या अशा चेंबरमध्ये मूळचे कारखान्यातले काडतूसही उडवता येते. बार उडाला की पुंगळी फुगून नव्या आकाराची होते आणि मग ती पुन्हा भरून वापरायची.

यातली काही रानमांजरे पुढे माणसाळलीही. ‘२२-२५०’ हे मूळचे हौशी काडतूस १९६५ साली रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणले. म्हणजे कल्पना अगदीच टाकाऊ नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा.

हिशेब काय सांगतो?

जाणकारांचा एक ठोकताळा आहे. पुंगळीची क्षमता जितके टक्के वाढते, त्याच्या साधारण एक चतुर्थांश टक्के वेग वाढतो. क्षमता ८ टक्क्यांनी वाढली तर वेग वाढणार २ टक्के. प्रसिद्ध ‘थर्टी-ओ-सिक्स’ रायफलीची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते. तिच्यात भर पडणार ती १६ मीटरची.

त्याने काय साधते? १०० मीटरवर ही गोळी नळीच्या रेषेपासून साधारण ८ सेंटीमीटर खाली येते. सुधारित काडतुसामुळे हा फरक जेमतेम ३ मिलिमीटरने कमी होईल. २०० मीटरवर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा लाभ होईल. निष्णात नेमबाजाचा हातदेखील श्वासाबरोबर यापेक्षा जास्त हलतो!

पुंगळ्या थोड्या जास्त वेळा वापरता येतात, हा एक फायदा मान्य करावा लागेल. पण त्यासमोर तोटेही आहेत. सरळ बाजूंची पुंगळी चेंबरमध्ये तितकी सहज सरकत नाही. चेंबरची खोली किंचित जरी चुकली तरी पुंगळी फाटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या नळीवर असा प्रयोग करणे म्हणजे ३ मिलिमीटरसाठी डोळा पणाला लावणे.

हौस नव्हे, सक्ती

भारतात काडतुसांची अदलाबदल झाली नाही असे नाही. पण ती वेगासाठी झाली नाही, कायद्यामुळे झाली. लष्करी बंदुकीचे काडतूस बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास ४५० बोअरच्या दारूगोळ्याच्या आयातीवर भारतात बंदी घातली. लगेच इंग्लंडच्या बंदूक कंपन्यांनी ४६५, ४७० अशी नवी मापे पुढे केली. हत्ती आणि गवे मारणाऱ्या साहेबांचे काम अडले नाही.

आपल्याकडे सर्वांना माहीत असलेली ‘३१५ बोअर’ रायफलही अशाच बंधनातून रुजली. ३०३ हे लष्करी माप सामान्य नागरिकाला मना होते. म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅन्लिकर रायफलीचे ८ मिलिमीटरचे काडतूस इथल्या बाजारासाठी स्वीकारले गेले. पुढे पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ३१५ रायफली बनल्या आणि त्यांची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार झाली. ‘केएफ’ हा त्या काडतुसांच्या बुडावरचा शिक्का जुन्या परवानाधारकांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

आणि वेगाचेच म्हणाल तर जिम कॉर्बेट यांचे उदाहरण पुरेसे आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना १९०७ साली रिग्बीची २७५ रायफल भेट मिळाली. तिचे काडतूस म्हणजे साधे ७ मिलिमीटर मॉझर, काही अचाट नव्हे. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी त्याच रायफलीने टिपला. तिथे उपयोगी पडली ती रात्र-रात्र बसून राहण्याची चिकाटी.

कायद्याचा बडगा

शिकारीचा तर प्रश्नच उरलेला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेच्या शिकारीचे दार बंद केले. ज्या वसाहतीच्या नावातच मोर आहे आणि जिच्या जवळच ओखला पक्षी अभयारण्य आहे, तिथे बसून शिकारी रायफल ‘सुधारण्या’चे बेत करणे तसेही विसंगतच.

त्याहून गंभीर बाब शस्त्र कायद्याची आहे. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक नोंदलेला असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीत रूपांतर करणे, ती दुरुस्त करणे किंवा काडतुसे बनवणे हे ज्याच्याकडे त्या कामाचा परवाना आहे त्यानेच करायचे आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे ती बदलण्याचा परवाना नव्हे. रानमांजर जातीचे काडतूस दुकानात मिळत नाही, ते घरीच भरावे लागते. म्हणजे एका हौसेपायी दोन गुन्हे! २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मिती किंवा रूपांतराला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. ओळखीच्या मिस्त्रीकडून गुपचूप काम करून घेऊ पाहणाऱ्यांनी हे आकडे आधी घरच्यांना वाचून दाखवावेत.

मग रायफलीचे करायचे काय?

काळजी घ्यायची असेल तर ती कागदपत्रांची घ्या. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तो वारसाचे नाव सुचवू शकतो. निधनानंतरही वारसाला अर्ज करता येतो. मात्र २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेली बंदूकही त्यातच मोजली जाते. महाराष्ट्रातला परवाना घेऊन दिल्लीत राहायला आलेल्यांनी पत्ता बदलल्याची रीतसर नोंद केलीच पाहिजे. घरात कुणालाच बंदूक नको असेल तर ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करता येते. ‘नंतर बघू’ म्हणत मृत माणसाच्या नावावरची बंदूक कपाटात ठेवणे हे मात्र मुलांसाठी संकट वारसा म्हणून ठेवण्यासारखे आहे.

आणि नेमबाजीची खरी आवड असेल तर तुघलकाबादला डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंज आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी ती उभारली गेली. तिथे एअर रायफलवर प्रशिक्षकाच्या हाताखाली सहा महिने घाम गाळला, तर नेम जितका सुधारेल तितका कुठल्याही सुधारित काडतुसाने सुधारणार नाही.

आजोबांच्या रायफलीचे मोल तिच्या मूळ रूपात आहे. नळीवरचा बनवणाऱ्याचा ठसा, लाकडी दस्त्यावर पडलेली हाताची झिलई आणि परवान्याशी जुळणारे बोअर ही तिची खरी किंमत. चेंबर एकदा कोरले की ते पूर्ववत होत नाही. ३ मिलिमीटरसाठी ही किंमत मोजणे शहाणपणाचे नाही.