मेणखडू आणि मुलांचीं चित्रें

पुण्यांतील एखाद्या प्राथमिक शाळेंत मुलांस देखावा काढावयास सांगितला, कीं बहुतेक कागदांवर एकच चित्र उमटतें: तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या आडून डोकावणारा सूर्य, एक झोपडी, वाहती नदी आणि कांठावर नारळाचें झाड. ज्या मुलांस गच्चीवरून पर्वती दिसते आणि सुटींत सिंहगड चढावयास मिळतो, त्यांच्या कागदावर या दोहोंपैकीं एकही येत नाहीं. यांत दोष मुलांचा नाहीं. कोणीं तरी एकदां फळ्यावर काढून दाखविलेलें चित्र तीं निष्ठेनें उतरवीत असतात. हा सांचा मोडण्यास उपदेशापेक्षां मेणखडूंची साधी पेटी अधिक उपयोगी पडते. मात्र खडूचा स्वभाव शिक्षकास ठाऊक हवा.

मेणखडू म्हणजे पॅराफिन मेण आणि रंगद्रव्य यांचें मिश्रण. अमेरिकेंत बिनी आणि स्मिथ यांच्या कारखान्यानें १९०३ सालीं आठ खडूंची पेटी पांच सेंटांस विकावयास काढली, तेव्हांपासून तो शाळेंत रुळला. जपानांत कानाए यामामोतो या चित्रकारानें १९१९ सालीं अशी चळवळ उभारली, कीं मुलांनीं नमुने न गिरवितां स्वतः पाहिलेलें काढावें. त्याच वातावरणांत १९२५ सालीं तेथें तेलखडू तयार झाला.

खडूची पहिली युक्ति दाबाची. एकच निळा खडू हलक्या हातानें फिरविला तर धुकें दिसतें, जोर दिला तर रात्र. पिवळ्यावर निळा चढविला कीं हिरवा मिळतो. खडूवरील कागद काढून तो आडवा धरावा, म्हणजे आकाशासारखी मोठी जागा झटकन भरते. मोडके तुकडे याच कामास उत्तम.

दुसरी युक्ति ठशाची. पिंपळाचें पान, शिरा वर येतील असें, पातळ कागदाखालीं ठेवावें व कागदावरून आडवा खडू हलकेच फिरवावा. पानाची जाळी आपोआप उमटते. नाणें, चटई, जुन्या वाड्याच्या दाराचीं नक्षी हींहि चालतात. "मला चित्र येत नाहीं" म्हणून मागें बसणाऱ्या मुलास येथें पहिलें यश मिळतें. आणि पुढच्या खेपेस तो पानाच्या शिरा स्वतःच न्याहाळूं लागतो.

तिसरी युक्ति मेण पाण्यास दाद देत नाहीं या गुणावर उभी आहे. जाड कागदावर पांढऱ्या खडूनें दाबून तिरप्या रेघा ओढाव्या आणि वरून निळा जलरंग पातळ करून फिरवावा. मेणावरून पाणी ओसरतें, रेघा पांढऱ्याच राहतात आणि कागदावर पाऊस पडूं लागतो. जून महिन्यांत शाळा उघडतात, तेव्हां खिडकीबाहेरील पाऊस काढावयास याहून सोपा मार्ग नाहीं.

चौथी युक्ति कोरण्याची. कागद पिवळ्या, तांबड्या, केशरी रंगांनीं दाट भरावा, त्यावर काळा खडू गडद चढवावा आणि शाई संपलेल्या पेनाच्या टोकानें रेघा कोराव्या. काळोखांतून खालचे रंग उजळून निघतात. दिवाळींतील पणत्या व आकाशकंदील यासाठीं योग्य विषय होत. तेलखडू असल्यास काम अधिक सुबक होतें. बांकावर आधीं जुनें वर्तमानपत्र पसरावें.

महागडें साहित्य लागतें असें मात्र नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, तें परिसरांत सहज मिळणाऱ्या वस्तूंच्या आधारानेंच.

शिक्षकानें एका तासास एकच युक्ति दाखवावी, पण चित्र मात्र फळ्यावर काढूं नये. घरींहि "हें काय काढलें आहेस?" असें विचारण्यापेक्षां "याची गोष्ट सांग" असें म्हणावें. डोंगर जांभळा रंगविला म्हणून मुलास कोणी टोकूं नये. संध्याकाळीं सिंहगड खरोखरच तसा दिसतो. एखाद्या दिवशीं वर्गांतील चाळीस कागदांपैकीं एकावर तीन त्रिकोणांऐवजीं पायऱ्यांची वांकडीतिकडी पर्वती उमटेल. शिक्षकानें तो कागद भिंतीवर लावावा. त्या मुलानें ती टेकडी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेली आहे.