मोदकाच्या कळ्या आणि अक्षरांची पोटे

काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका हस्तलिखितासाठी मी शीर्षके रंगवून दिली होती. मजकूर गमतीचा, म्हणून अक्षरेही गुबगुबीत काढली. ‘भाऊची गंमत’ हे शीर्षक एका चिमुरडीने खणखणीत आवाजात ‘माऊची गंमत’ असे वाचले. सगळे हसले, मीही हसलो. पण चूक तिची नव्हती. माझ्या कुंचल्याची होती.

‘भ’ आणि ‘म’ यांत फरक तो केवढा? ‘भ’च्या डोक्यावर डावीकडे शिरोरेखा तुटते आणि तिथे एक लहानसा वळसा येतो. रेघ जाड केली की ती फट बुजते. ‘ध’ आणि ‘घ’ यांचेही तेच. ‘ब’ व ‘व’, ‘ष’ व ‘प’ यांतला भेद तर पोटातल्या एका तिरक्या रेघेवर उभा आहे. पोटच भरले तर रेघ दिसणार कुठे? ‘ध’चा ‘मा’ झाला की काय होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

त्यात देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, त्याखाली शिरोरेखा, तळाशी उकार, शिवाय जोडाक्षरांची दाटी. अक्षराला फुगायला जागा मुळातच कमी.

या कोड्याचे मला आवडलेले उत्तर म्हणजे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला. हाताने रेखाटलेल्या अक्षरांपासून सुरू झालेल्या या कामात देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्या आहेत. इथे अक्षरे इतकी फुगलेली आहेत, की आतली पोकळी केवळ एका बारीक चिरेपुरती उरते. पण ती उरते, हे महत्त्वाचे. उकडीच्या मोदकाच्या कळ्या पुसल्या गेल्या तर त्याचा गोळा होतो. या अक्षरांचेही तसेच आहे: बाक जाडीमुळे येतो, ओळख चिरांमुळे टिकते.

याच संस्थेचा ‘बलू’ हा फॉन्ट तुलनेने सडपातळ आहे. त्याचे कोपरे गोलसर असले तरी अक्षरांच्या पोटात हवा खेळते. देवनागरीबरोबर बंगाली, गुजराती, तमिळ, कन्नड अशा अनेक लिप्यांत तो आहे. दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे असल्याने कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

मात्र ‘मोदक’ शीर्षकापुरताच वाढावा. लहान आकारात त्या चिरा डोळ्यांना दिसत नाहीत आणि खरखरीत कागदावर शाई पसरली की त्या बुजतात. ताटात मोदक एक-दोनच शोभतात. पोट भरायला साधा वरणभात लागतो.

गमतीच्या अक्षराला शिस्त कमी लागते, असा माझा समज होता. आता वाटते, तिथेच ती जास्त लागते. ते शीर्षक मी पुन्हा रंगवले, तेव्हा जाडी तेवढीच ठेवली. फक्त ‘भ’च्या डोक्यावर केसाएवढी फट सोडली. भाऊ भाऊच राहिला.