जर्मन गास्टहोफ आणि त्याचा दिवाणखाना

जर्मन भाषेत ‘गास्ट’ म्हणजे पाहुणा आणि ‘होफ’ म्हणजे अंगण किंवा वाडा. गास्टहोफ या नावातच त्या वास्तूचा नकाशा आला आहे. आपल्या धर्मशाळेत मुक्कामाला जागा मिळे, शिधा ज्याचा त्याने आणावयाचा. गास्टहोफात मात्र पैसे मोजले की जेवण, बिअर, बिछाना आणि घोड्याला दाणावैरण, सारे एकाच आवारात मिळे.

जुना गास्टहोफ बहुधा हमरस्त्यावर किंवा गावच्या चौकात असतो. दर्शनी भिंतीबाहेर लोखंडी दांडीवर सोनेरी सिंह किंवा काळा गरुड टांगलेला असे. ही पाटी निरक्षर गाडीवानालाही वाचता येई. कमानीतून गाडी थेट मागल्या अंगणात जाई. तेथे तबेले, कोठारे. तळमजल्यावर फळ्यांनी मढवलेली, मोठ्या शेगडीने उबदार झालेली बैठकीची खोली; तिच्यात रोजच्या गिऱ्हाइकांचे राखीव मेज. खाली तळघर, वर निजण्याच्या खोल्या आणि मोठ्या गास्टहोफात लग्नाकार्यांसाठी प्रशस्त दिवाणखाना.

हा दिवाणखाना कामगारांच्या फार उपयोगी पडला. त्याआधीही काम शोधीत गावोगाव हिंडणाऱ्या कारागिरांचा प्रत्येक धंद्यागणिक ठरलेला उतारा असे. तेथे बिछाना मिळे, कामाची बातमी कळे आणि संघाची पेटीही तेथेच राही. 1869 च्या ऑगस्टमध्ये बेबेल आणि लीब्क्नेश्ट यांच्या पुढाकाराने आयझेनाख येथे सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्ष स्थापन झाला. त्या परिषदेला आरंभ झाला तो ‘सोनेरी सिंह’ या गास्टहोफात.

सरकारने हे नेमके ओळखले. 1878 च्या समाजवादविरोधी कायद्याने सभा व संघटनांवर बंदी घालता आली, तशी चळवळीला मदत करणाऱ्या खानावळवाल्याचा धंदाही बंद करता आली. 1890 साली कायदा गेला, तरी वरिष्ठांच्या धाकाने अनेक मालक दिवाणखाना नाकारीत. तेव्हा कामगारांनी स्वतःच वास्तू उभारल्या. बर्लिनचे कामगारसंघ भवन 1900 साली उघडले. त्यात कचेऱ्या, सभागृहे, उपाहारगृह आणि फिरस्त्या कारागिरांसाठी बिछाने होते. म्हणजे जुना गास्टहोफच. फक्त मालक बदलला होता.

एका खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या घरी दहा माणसे बसत नाहीत. म्हणून संघटनेचा पहिला प्रश्न वर्गणीचा नसतो, छपराचा असतो. ज्याच्या हाती दाराची किल्ली, त्याच्या मर्जीवर सभा.