सामुदायिक महाविद्यालय आणि संशोधनाचा पहिला पाठ

अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयांचा इतिहास सामान्यतः इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघालेल्या महाविद्यालयापासून सांगितला जातो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, अल्प शुल्क आणि इच्छा असल्यास पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश, असे ह्या संस्थांचे स्वरूप आहे. विद्यार्थी बहुधा घरूनच येतात. पुष्कळसे नोकरी करून शिकतात, काहींवर मुलाबाळांचाही भार असतो. अशा विद्यार्थ्यास संशोधनाचा अनुभव द्यावयाचा कसा, हा तेथील विज्ञानशिक्षणातला खरा पेच होय.

राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी संशोधनानुभवाची योजना १९८७ साली सुरू केली. तीत विद्यावेतन मिळते, हे खरे. तथापि नोकरी व घर सोडून उन्हाळ्यात आठदहा आठवडे परगावी राहणे ज्याला शक्य, त्यालाच ती विशेष उपयोगी. म्हणून संशोधन नित्याच्या तासिकेतच आणावे, हा विचार बळावला.

हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेने २००८ साली आरंभिलेला जंतुभक्षक विषाणूंचा अभ्यासक्रम हे त्याचे उत्तम उदाहरण. काही सामुदायिक महाविद्यालयेही त्यात सामील झाली. विद्यार्थी अंगणातली माती आणतो. तिचा अर्क क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदात मिसळून बशीत ओततो. बशीवर जंतूंची धूसर साय धरते. तीत निर्मळ ठिपका उमटला, की तेथे विषाणूने जंतू मारले असे समजावयाचे. मग तो विषाणू पुनःपुन्हा वेगळा काढून शुद्ध करावयाचा, आणि दुसऱ्या सत्रात त्याच्या डी.एन.ए.मधील जनुक कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे ठरवावयाचे. विषाणूला नाव ठेवण्याचा मान शोधणाऱ्याचा. (‘संशोधन’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ शुद्धीकरण, येथे तो अक्षरशः खरा ठरतो.)

ठराविक प्रात्यक्षिकात उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक असते. येथे ते कोणालाच नसते. ठिपका उमटला नाही तर दुसऱ्या जागची माती आणून पुन्हा आरंभ करावयाचा.

अडचण अधिक आहे ती शिक्षकाची. त्याची नेमणूक अध्यापनासाठी; सत्राला पाच-पाच अभ्यासक्रम शिकविणे तेथे नवलाचे नाही, आणि संशोधनाचा वेळ त्यात क्वचितच मोजला जातो. शिवाय विद्यार्थ्याचा हात बसतो न बसतो तोच त्याची दोन वर्षे संपतात. अपुरे काम पुढच्या तुकडीकडे जाते. त्यामुळे नवशिक्याला पेलेल इतका लहान, पण अनेक तुकड्यांना पुरेल इतका मोठा प्रश्न शिक्षकालाच हुडकावा लागतो.